पत्र्यावरचा एक ठोका

"गाडीत तोंड उघडायचं नाही. कबूल?"

सोलापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात शेंगाचटणीचा डबा पिशवीत कोंबता कोंबता मी अप्पांना हे विचारलं. अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. बाहेर जायचा पांढरा शर्ट घालून, कडक भाकरीचा तुकडा चहात बुडवत ते खुर्चीवर बसले होते.

"कुटल्या गाडीत?"

"कुठल्याच गाडीत. जायच्या, यायच्या, तिथं फिरायच्या. ड्रायव्हर कसाही चालवो. तुम्ही खिडकीबाहेर बघायचं."

"आन् त्यानं चुकीचं केलं तर?"

"केलं तर केलं. तो बघून घेईल."

त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "बरं. न्हाय बोलत. सबूद दिला."

मी निर्धास्त झाले. अप्पांनी शब्द दिला म्हणजे दिला. मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. साठ पोरांचा वर्ग नुसता दारात उभी राहून गप्प करते. घरातल्या एका म्हाताऱ्याला गप्प करायला मात्र मला पन्नाशी ओलांडावी लागली, याची त्या वेळी थोडी ऐटच वाटली होती.

अप्पांची खोड जगजाहीर होती. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ते गप्प राहू शकत नसत. "क्लचवर पाय ठिवून चालवू नको", "गिअर टाक की, इंजिन रडालंय", "मागनं ट्रक आलाय, बघ". एकदा सात रस्ता चौकाजवळ एका रिक्षावाल्यानं आम्हा दोघांना भर उन्हात खाली उतरवलं होतं. "काका, तुम्हीच चालवा मग," म्हणाला. अप्पा खरोखरच पुढं बसायला निघाले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशातली गत.

एकतीस वर्षं ते एका चादरीच्या कारखान्याची डिलिव्हरी व्हॅन चालवत होते. सीमेवरच्या, कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीहून सोलापुरात आले, मराठी नीट येत नव्हतं तेव्हापासून स्टेअरिंगवर. चादरींचे गठ्ठे घेऊन कधी टेंभुर्णी, कधी अक्कलकोट, कधी स्टेशनच्या मालधक्क्यावर. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. क्लीनर ठेवायची कारखान्याची तयारी नव्हती, म्हणून मीच क्लीनर. मागच्या दाराशी गठ्ठ्यांवर बसायचं आणि गाडी मागं घेताना पत्रा वाजवायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तळहात सपाट ठेवून असा मारायचा की आवाज थेट ड्रायव्हरच्या पाठीत गेला पाहिजे.

त्या ठोक्याचा कायदा अप्पांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "एक वाजला की डायव्हरनं आधी थांबायचं, मग इचारायचं. का थांबू म्हनत बसला, तर तंवर चाक कुनाच्या तरी पायावरनं गेलेलं असतंय." एकदा टेंभुर्णीच्या अलीकडं मी गंमत म्हणून एक ठोका मारला. त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, खाली उतरून मागं आले, चारही चाकं पाहिली. मी हसत होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उगाच वाजवू नको, पोरी. आज तू उगाच वाजवलास, तर उद्याचा खरा कोन ऐकंल?" त्यानंतर मी कधीही उगाच वाजवला नाही.

हे सगळं मी विसरले नव्हते. पण लपवत मात्र होते.

माझी लेक बेंगळुरूला नोकरी करते. तिनं तिथंच आपला जोडीदार बघितला. मुलगा पुण्याचा, घरदार शिकलेलं, वडील निवृत्त इंजिनीअर, आई कॉलेजात शिकवायची. फोनवर पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "आणि आजोबा काय करत होते?" मी म्हणाले, "ट्रान्सपोर्टमध्ये होते." खोटं होतं का? नव्हतं. पण पलीकडून "अरे वा, स्वतःचा व्यवसाय म्हणजे," असं आलं आणि मी काहीच बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी पुढं तीन महिने झाकूनच ठेवली.

मग पोरांनी टूम काढली. दोन्हीकडच्या मोठ्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून कर्नाटकातल्या एका डोंगरावरच्या शहरात दोन दिवस काढायचे. तिथं म्हणे जुन्या काळच्या व्हॅनमधून सात-आठ जणांना शहर दाखवतात. चढउताराचं शहर, गल्ल्या अरुंद, मोठी बस जात नाही. पोरांनी आम्हा मोठ्यांची तिकिटं काढली. ती दोघं दुपारी खालच्या बाजारात जेवायला भेटणार होती. माझ्या नवऱ्याला घाट लागतो, त्यामुळं ते सोलापुरातच राहिले. उरलो अप्पा आणि मी.

तेव्हा खरं काय ते सांगते. मला अप्पांच्या सूचनांची भीती नव्हती. मला भीती होती त्यांच्या बोलण्याची. "हितं", "कुटं", "न्हाय" याची. दोन वाक्यं झाली असती की ट्रान्सपोर्टचा मालक गळून पडला असता आणि व्हॅनचा ड्रायव्हर बाहेर आला असता. म्हणून ते वचन. स्वतःच्या बापाची लाज वाटणं ही काय चीज असते ते ज्याला वाटली त्यालाच कळतं. वरून मी स्वतःला समजावत होते की हे सगळं लेकीसाठी चाललंय.

व्हॅन सुंदर होती, नाही म्हणत नाही. खाली निळी, वर साईच्या रंगाची, गोल दिवे, आत लाल रेक्झिनच्या सीटा. ड्रायव्हर पंचावन्नच्या आसपासचा, जाड मिशांचा, मालकानं घालायला लावलेली टोपी सारखी मागं सारणारा. मोडक्या हिंदीत त्यानं सगळ्यांचं स्वागत केलं. मुलाचे आईवडील आधीच पुढच्या सीटवर बसले होते. मधे कॉलेजच्या दोन मुली. मी अप्पांना मुद्दाम सगळ्यात मागं नेत होते, ड्रायव्हरपासून जितकं लांब जमेल तितकं. पण ते चढेचनात. गाडीभोवती फेरी मारत होते. टायरवर चपलेनं टिचकी मारली, पुढून वाकून बघितलं आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"अप्पा," मी दातओठ खात हळूच म्हटलं, "सगळे बघतायत."

ते उठले. बोट रुमालाला पुसलं. माझ्याकडं बघून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग मुकाट्यानं चढून मागच्या सीटवर, बरोबर त्या डाव्या चाकाच्या वर बसले.

पहिला तास चढाचा होता. वरचं देऊळ, मग एक जुनी वेधशाळा की काय, मग कॉफीच्या बागा दिसतात तो कठडा. मुलाची आई वळून वळून बोलत होती. "बाबा, तुमच्या वेळी रस्ते कसे होते हो? तुमच्या गाड्या कुठंकुठं जायच्या?" अप्पा नुसते हसून मान डोलवायचे आणि उत्तर मी द्यायची. "तेव्हा रस्ते कुठले हो." "सगळीकडं जायच्या." ती म्हणाली, "फारच शांत आहेत बाबा." मी म्हटलं, "पहिल्यापासून." ऐकताना अप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

वेधशाळेहून कठड्याकडं जाताना मधे एक लांबच लांब उतार होता. सोलापुरात उतार म्हणजे रेल्वेच्या पुलाचा, सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. हा संपतच नव्हता. ड्रायव्हर एका हातानं बाहेरचं काहीबाही दाखवत होता आणि गाडी नुसत्या ब्रेकवर खाली सोडत होता. माझं लक्ष बाहेर नव्हतं. माझं लक्ष अप्पांच्या उजव्या पायावर होतं. तो पाय पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर दाबला जात होता. सुटत होता, दाबला जात होता. ते आपल्या जागी बसून ब्रेक मारत होते. दर वेळी त्यांचा पाय ड्रायव्हरच्या आधी दाबला जायचा आणि गाडी मात्र नंतर, जरा जास्तच नंतर, हळू व्हायची. लहानपणी रिकाम्या गाडीत शेजारी बसून मी तो पाय इतका पाहिलाय की त्याची भाषा मला त्यांच्या कानडीपेक्षा चांगली कळते. पाय म्हणत होता, काहीतरी बिघडलंय.

आणि वास. हलका, करपट. मुलाची आई म्हणाली, "कॉफी भाजतायत वाटतं कुणीतरी. जरा करपलीच." सगळे हसले. मीही हसले.

कठड्यापाशी सगळे उतरले. अप्पा सरळ मागच्या चाकाकडं गेले आणि चुलीवरचा तवा तापलाय का बघावं तसा त्यांनी चाकाजवळ तळहात धरला. तिकडून मुलाच्या वडिलांनी हाक मारली, "चला, ग्रुप फोटो!" मी धावत जाऊन अप्पांच्या दंडाला धरलं.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "एक बोलू का?"

"आत्ता नको, अप्पा."

"गाडीचं हाय."

"गाडीचं तर मुळीच नको! शब्द दिलाय ना तुम्ही?"

ते फोटोला येऊन उभे राहिले. तो फोटो माझ्याकडं आहे. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडं बघून दात काढतोय आणि अप्पा एकटे मान वळवून व्हॅनकडं बघतायत. कुणी विचारलं की मी सांगायची, त्यांना जुन्या गाड्यांची फार आवड.

परत गाडीत चढताना ड्रायव्हरनं सांगितलं, आता शेवटचा टप्पा. इथून दोन वळणं, मग एक सपाट तुकडा आणि मग शहरातला सगळ्यात उभा रस्ता, सरळ खाली बाजारात. लोक खास त्याचा व्हिडिओ काढायला येतात. तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, आम्ही खालीच उभे आहोत. तुमची गाडी उतरताना शूट करणार आहे, हात हलवा हं सगळ्यांनी!" मी हो म्हटलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

पहिलं वळण आलं. गाडी वळणाला लागली ती जराशा जास्तच वेगानं, आणि ड्रायव्हरचा गुडघा दोनदा वर-खाली झालेला मला आरशाखालून दिसला. तो पाय मारून मारून ब्रेक भरत होता, हे नंतर कळलं. वास आता चांगलाच वाढला होता. कॉलेजच्या एका मुलीनं नाकाला ओढणी लावली. अप्पांचा डावा हात सीटवरून उठला, खिडकीच्या चौकटीवरून बाहेर गेला आणि तळहात पत्र्यावर सपाट टेकला.

मी तो हात ओळखला. आणि तो वाजायच्या आत मी तो मनगटाशी धरून आत ओढला. आत ओढून माझ्या मांडीवर दाबून धरला, दोन्ही हातांनी. पुढं मुलाची आई वळून काहीतरी बोलत होती आणि मी तिच्याकडं बघून मान हलवत होते.

अप्पांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांच्या अंगात अजून तेवढी ताकद होती, मनात आणलं असतं तर झटकला असता. त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाला मी जुमानत नाही. पण ते विनवत होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही, तो माझ्याकडं स्वतःचा हात मागत होता. ओठ मिटलेले. शब्द दिला होता ना.

दुसरं वळण गेलं. समोर सपाट तुकडा दिसला, डाव्या हाताला एक बंद दुकान, आणि त्याच्या पुढं रस्ता दिसतच नव्हता. नुसतं आभाळ आणि खालच्या घरांची कौलं.

नेमकं काय बिघडलंय ते मला तेव्हा कळलं होतं असं मी म्हणणार नाही. ब्रेकमधलं मला काय कळतंय? लोकांपुढं शोभा होईल एवढंच डोक्यात होतं. पण मांडीवरचा तो तळहात अजून सपाटच होता, आणि मी दहा वर्षांची असल्यापासून एकच गोष्ट पाठ होती. आधी थांबायचं, मग विचारायचं. मी त्यांचा हात सोडला, त्यांच्या अंगावरून वाकून माझा हात खिडकीबाहेर काढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पत्र्यावर मारला. एकदाच. दोन बांगड्या फुटल्या.

ड्रायव्हरनं का म्हणून विचारलं नाही. तोही त्याच शाळेत शिकलेला होता. त्याचा पाय गेला, गाडीला हिसका बसला, पण ती थांबेना. पळतच राहिली. कर्रकन् गिअर पडल्याचा आवाज आला, मग हँडब्रेक ओढल्याचा, आणि इंजिन गचके खात बंद पडलं. गाडी दुकानापासून चार-पाच हात पुढं जाऊन उभी राहिली. तिथून उतार चार पावलांवर होता.

"कोणी वाजवला?" ड्रायव्हर कानडीत ओरडला. सगळ्या गाडीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मनगटातून थोडं रक्त येत होतं. मुलाचे वडील म्हणाले, "अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मी अप्पांकडं वळून म्हटलं, "बोला."

"बोलू?"

"बोला की अप्पा! लवकर बोला!"

मग ते बोलले. मैंदर्गीच्या कानडीत, आवाज न चढवता, वासराला चुचकारावं तसं ड्रायव्हरला म्हणाले, की हँडब्रेक सोडू नको, गाडी पहिल्या गिअरमधेच राहू दे, आधी चाकाला दगड लागू दे. आणि माझ्याकडं बघून मराठीत, "दगुड."

मी उडी मारली. नवी सिल्कची साडी वर खोचली, दुकानाच्या पायरीजवळचे दोन धोंडे उचलले आणि पुढच्या चाकांखाली ठोकून बसवले. बऱ्याच वर्षांनी केलं, पण हातानं बरोबर केलं. वर बघितलं तर मुलाची आई खिडकीतून माझ्याकडं बघत होती, तोंड उघडं टाकून.

सगळे उतरल्यावर अप्पांनी एका मुलीच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत थोडं पाणी ओतलं. चर्र आवाज झाला आणि वाफ उठली. आतल्या बाजूनं ब्रेकचं तेल ओघळून टायरवर आलं होतं. ड्रायव्हर आत चढला, त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. पाय पेडलसकट जमिनीला टेकला. परत ठेवला, परत टेकला. मग तो खाली उतरला, टोपी काढली आणि दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला. अप्पा त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी त्या उताराच्या तोंडाशी जाऊन खाली बघितलं. बघायला नको होतं. रस्ता सरळ खाली गेला होता आणि तळाशी, रस्त्याच्या मधोमध, लाल कुर्त्यातली एक आकृती मोबाईल वर धरून उभी होती. शेजारी होणारा जावई. मला बघून तिनं हात हलवला. मी तिथंच खाली बसले.

मुलाचे वडील अप्पांपाशी आले. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. एवढं होऊनही ते परवानगीच मागत होते.

"ते ड्रायव्हर होते," मी म्हटलं. "मालक नव्हे. सोलापुरात चादरीच्या कारखान्याची व्हॅन चालवायचे, एकतीस वर्षं. आणि मी त्यांची क्लीनर होते."

मुलाचे वडील "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. मुलाच्या आईनं मला हाताला धरून उठवलं, रुमाल काढून मनगटाला बांधला. मग शिकवणाऱ्या बाईच ती, तिनं तो एकच प्रश्न विचारला, जो मीही तिच्या जागी विचारला असता.

"पण बाबा, मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

मी डोळे मिटून घेतले.

"मला बी उशिराच कळलं, ताई," अप्पा म्हणाले. "वय झालं. नाकाला वास येत न्हाय आता पैल्यासारखा. चूक झाली माझी."

मी डोळे उघडले. अप्पा खाली बघत होते. गाडीच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला मला आठवत नाही. कारखान्याच्या मालकाच्या तोंडावर म्हणालेला, की टायर झिजलेत, गाडी काढणार न्हाय. तो माणूस माझ्यासाठी आपल्या नाकाला, आपल्या एकतीस वर्षांना बट्टा लावून घेत होता. आणि मी ते घेऊ दिलं. "हो ना, वयोमानानं होतं," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हाही मी गप्प. तोंड उघडायचं नाही हे वचन मी त्यांच्याकडून घेतलं होतं. पाळलं मात्र मी.

दुसरी गाडी यायला वेळ लागणार होता, म्हणून सगळे चालत उतरलो. अप्पांनी माझा हात धरला होता, आधाराला की आधार द्यायला ते कळलं नाही. निम्म्या उतारावर मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळीच. चाक वलं होतं."

थोडं खाली गेल्यावर तेच म्हणाले, "ठोका मातुर झकास बसला. हाडात गेला."

ती शाबासकी मला गिळताही येईना, थुंकताही येईना.

लग्न मोडलं नाही. ट्रान्सपोर्टचा मालक गेला आणि कुणाचं काही अडलं नाही. मी तीन महिने ज्या गोष्टीसाठी जीव टांगून घेतला होता ती कुणी मनावरही घेतली नाही. पुढच्या महिन्यात बोलणी पक्की करायला मुलाकडची मंडळी सोलापुरात आली. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांचे पंधरा जण, आमचे वीस. अप्पा कोपऱ्यात लोखंडी कपाटाला पाठ लावून बसले होते. व्हॅनच्या त्या दिवसापासून ते गाडीत खरोखरच गप्प बसायला लागले होते. रिक्षावाला कसाही चालवो, हे खिडकीबाहेर बघायचे. मीच म्हणायची, बोला की. ते म्हणायचे, "चालवतंय की बरं."

जेवणाआधी मुलाच्या आईनं साहजिकच व्हॅनची गोष्ट काढली. तिला ती छान सांगता येते. पत्रा, बांगड्या, सिल्कच्या साडीत धोंडे उचलणारी विहीणबाई, सगळे खो खो हसले. तिचा एक दीर म्हणाला, "पण आजोबांना उशिरा कळलं म्हणायचं. जरा आधी कळलं असतं तर एवढं झालंच नसतं."

"वय, दुसरं काय," अप्पा म्हणाले. "नाक गेलं."

सगळ्यांनी समजुतीनं माना डोलावल्या. मुलाच्या आईनंही. माझ्या लेकीनंसुद्धा. माझ्या हातात वाट्यांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं.

"त्यांचं नाक शाबूत आहे," मी म्हटलं.

कोपऱ्यातून आवाज आला. अप्पांनी तळहात सपाट करून पाठीमागच्या कपाटाच्या पत्र्यावर मारला होता. एक ठोका. थांब.

जन्मात पहिल्यांदा तो ऐकूनही मी थांबले नाही.

"त्यांना सकाळीच कळलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ते पत्रा वाजवणार होते. त्यांचा हात मी धरून ठेवला होता."